वाढपी उपाशीच

यकृत हा अजब आचारी. उपासात तो चरबीपासून कीटोन रांधतो, मेंदूला नि हृदयाला वाढतो. स्वतः एक घासही घेत नाही, कारण कीटोन वापरायला लागणारं एन्झाइमच त्याच्याकडे नाही!

टाइप २ मधुमेहात हे स्वयंपाकघर तुंबतं: शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. साठ्यातली मेदाम्लं यकृताकडे येत राहतात, वर यकृत जादा साखरेचीही चरबी करतं. जाळणं कमी पडलं की ती तिथेच साचते. यकृताच्या ५ टक्क्यांवर गेली, की फॅटी लिव्हर. दारूला न शिवणाऱ्याला हे निदान झोंबतं. २०२३ मध्ये आजाराच्या वैद्यकीय नावातून ‘अल्कोहोल’ गेलं, बरं झालं.

मधुमेहावरची ग्लिफ्लोझिन गटातली गोळी घेणाऱ्याने मात्र ही चरबी उतरवायला परस्पर कडक उपास धरू नये. साखर फारशी न वाढताही कीटोनमुळे रक्त आम्लधर्मी होऊ शकतं.