छर्र्याची परीक्षा

इंग्लंडमधील शेतकऱ्याच्या दृष्टीने रानससा हा पिकाचा जुना वैरी होय. कोवळे गव्हाचे पाते, भाजीचे वाफे आणि नव्याने लावलेल्या रोपांची साल यांवर त्याचा सारखाच डोळा असतो; आणि म्हणूनच तेथील कायद्याने १८८० साली जमीन कसणाऱ्यास आपल्या शेतातील ससे मारण्याचा असा हक्क दिला, की जो जमीनमालकासही कराराने हिरावून घेता येत नाही. पुढे १९५४ च्या कायद्याने तर सशांचा बंदोबस्त करणे हे शेतकऱ्याचे कर्तव्यच ठरविले. या बंदोबस्तासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांत एअर रायफल, म्हणजे दाबाच्या हवेने छर्रा फेकणारी बंदूक, हिला मोठे स्थान आहे. तिचा आवाज थोडा असतो, ती गोठ्याच्या आणि कोठाराच्या आसपास चालविता येते, आणि तिच्या छर्र्याचा पल्ला काडतुसाच्या गोळीच्या मानाने पुष्कळच मर्यादित असतो.

परंतु या साधनाचे सामर्थ्यही तितकेच मर्यादित आहे. इंग्लंडमध्ये नळीतून सुटताना छर्र्याची ऊर्जा १२ फूट-पौंडांच्या, म्हणजे सुमारे १६ ज्यूलच्या, वर गेली तर त्या बंदुकीस अग्निशस्त्राचा परवाना लागतो. आणि स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून त्याहून दुबळ्या हवाई बंदुकीसही परवान्याची आवश्यकता आहे. इतक्या अल्प ऊर्जेने सशाचा प्राण तत्क्षणी जावयाचा, तर छर्रा त्याच्या मेंदूवरच बसला पाहिजे, आणि ते लक्ष्य जेमतेम इंचभर व्यासाचे असते. तेथून तो थोडा जरी ढळला, तरी जनावर घायाळ होऊन बिळात शिरते आणि वेदनेने तडफडत मरते. यास्तव छर्र्याची निवड आणि त्याची परीक्षा हा केवळ शौकाचा विषय नसून, ज्याच्यावर नेम धरावयाचा त्या प्राण्याप्रती असलेल्या जबाबदारीचा विषय आहे, असे माझे ठाम मत आहे.

छर्र्याची रचना वरवर पाहता साधी असली, तरी तिच्यात मोठी योजकता आहे. त्याचे डोके भरीव, कंबर बारीक आणि मागचा भाग पोकळ घेरासारखा असतो. हवेच्या दाबाने हा पातळ घेर फुगून नळीच्या भिंतीस घट्ट बसतो व मागची हवा निसटू देत नाही. डोके नळीतील सर्पिल खाचांमधल्या उंचवट्यांवर टेकून सरळ राहते. आणि खाचांमुळे छर्र्याला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते. वजन पुढे आणि पोकळी मागे असल्याने हवेचा विरोधही त्याचे तोंड पुढेच ठेवण्यास साहाय्य करतो. या सर्व क्रिया नळी आणि छर्रा यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असतात. एकाच कारखान्यातून एकाच वेळी निघालेल्या दोन बंदुकांच्या नळ्यांतही सूक्ष्म तफावत राहते, आणि म्हणूनच एका बंदुकीत उत्तम चालणारा छर्रा दुसरीत साधारण ठरतो. दुकानदाराची शिफारस किंवा डबीवरची जाहिरात या बाबतीत जामीन राहू शकत नाही.

आकारमानाच्या दृष्टीने शिकारीत मुख्यतः दोनच कॅलिबर प्रचलित आहेत: ४.५ मिलिमीटरचे .१७७ आणि ५.५ मिलिमीटरचे .२२. चेक प्रजासत्ताकातील बोहुमिन येथील जेएसबी या कारखान्याचा ८.४४ ग्रेन वजनाचा .१७७ छर्रा सेकंदाला सुमारे ७८० फूट वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा साडेअकरा फूट-पौंडांच्या आतबाहेर भरते. आणि त्याच कारखान्याचा १५.८९ ग्रेनचा .२२ छर्रा तितकीच ऊर्जा सुमारे ५७० फूट वेगाने गाठतो. ऊर्जा सारखी, पण स्वभाव भिन्न. वेगवान .१७७ चा मार्ग अधिक सरळ असल्याने अंतराचा अंदाज दोनचार यार्डांनी चुकला तरी तो फारसा खाली पडत नाही. मंद पण जड .२२ चा मार्ग अधिक वक्र असतो, मात्र त्याचा घाव रुंद असतो. ज्यास अंतर अचूक ओळखता येते त्याने .२२ घ्यावा आणि ज्यास ते कठीण वाटते त्याने .१७७, हा अनुभवी शिकाऱ्यांचा संकेत मला सयुक्तिक वाटतो.

आकृतीचा विचार केला तर सपाट डोक्याचा छर्रा कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतो व स्पर्धेत शोभतो. परंतु हवेचा विरोध त्यास लवकर थोपवितो, म्हणून तो थोड्या अंतरापुरताच उपयोगी. टोकदार आणि पोकळ टोकाचे छर्रे दिसावयास भीषण असले, तरी त्यांचे टोक तंतोतंत मध्यावर आणणे कारखान्यास अवघड जाते, आणि १२ फूट-पौंडांत पोकळ टोक उमलण्याचा भरवसाही थोडा. घुमटाकार डोक्याचा छर्राच दूरवर आपला वेग व दिशा अधिक चांगली राखतो. प्रारंभ करणाऱ्याने याच जातीपासून सुरुवात करावी.

आता परीक्षेकडे वळू. निरनिराळ्या वजनांचे, आणि मिळतील तर ४.५१, ४.५२, ४.५३ मिलिमीटर अशा डोक्याच्या निरनिराळ्या व्यासांचे, चार-पाच प्रकारचे घुमटाकार छर्रे थोडे थोडे घ्यावेत. शिसे मऊ धातू असल्याने वाहतुकीत घेर चेपतो. म्हणून प्रत्येक छर्रा पाहून वाकडा दिसेल तो बाजूस काढावा. काटेकोर मनुष्य तराजूवर वजन करून एकसारखे छर्रे वेगळे काढतो, आणि मोठ्या अंतरावर त्याचे फळही मिळते. त्यानंतर नळी स्वच्छ करावी. पण साफ केलेली नळी लगेच स्थिर होत नाही, तिच्यावर शिशाचा पातळ लेप बसेपर्यंत काही छर्रे हिशेबाबाहेर उडवावे लागतात. प्रकार बदलतानाही हाच दस्तूर पाळावा, अन्यथा आधीच्या छर्र्याचा दोष नव्याच्या माथी बसतो.

वारा पडलेला असावा, बंदुकीस वाळूच्या पिशवीचा आधार असावा, आणि लक्ष्य २५ किंवा ३० यार्डांवर असावे. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच पिस्टनचा धक्का तिला हलवू लागतो, म्हणून ती घट्ट आवळून न धरता प्रत्येक वेळी एकाच रीतीने हलकेच धरावी. आगाऊ भरलेल्या हवेच्या बंदुकीत हा धक्का जवळजवळ नसतो, परंतु टाकीतील दाब ठरावीक मर्यादेत राहील याची खातरजमा करावी. प्रत्येक प्रकाराचे निदान १० छर्रे एकाच बिंदूवर नेम धरून सोडावेत आणि सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर मोजून नोंदवहीत लिहावे. तीन छर्रे एकाच भोकात गेले म्हणून हुरळून जाणारे पुष्कळ असतात. परंतु थोड्या छर्र्यांचा पुंजका नशिबानेही लहान दिसतो, आणि संख्या वाढली म्हणजे खरा पसारा उघडा पडतो. त्यातून जो प्रकार सरस ठरेल त्याची पुन्हा दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यावी, आणि दोन्ही दिवसांची रुजवात जमली तरच त्यावर विश्वास ठेवावा. डबीवरचा उत्पादन-क्रमांकही टिपून ठेवावा. कारण साचा बदलला की त्याच नावाचा छर्राही कधीकधी निराळा वागतो.

या परीक्षेचा खरा निर्णय छर्र्याच्या नावाचा नसून अंतराचा आहे. कागदावर एक इंचाचे वर्तुळ काढावे, आणि ज्या अंतरावर निवडलेले सर्व छर्रे त्याच्या आत पडतात ते अंतर शोधावे. तेही आधारावरून नव्हे, तर शेतात जसे बसावे, गुडघा टेकावा वा पालथे झोपावे लागते, त्या स्थितीतून. आधारावर ४० यार्ड साधणाऱ्यास गुडघ्यावरून २५ च साधतात, असे दिसले तर त्याची मर्यादा २५ यार्डच मुकरर झाली. वाऱ्याचा हिशेबही याच वेळी करावा. मंद आडवा वाराही ३५ यार्डांवर हलक्या छर्र्यास इंचभराच्या आसपास ढकलू शकतो, आणि ते सारे लक्ष्य गमावण्यास पुरेसे आहे.

महाराष्ट्रात या विद्येचे क्षेत्र शिकार नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीस बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु छर्र्याची परीक्षा येथेही अनोळखी नाही. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत नेलेल्या, आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत जागतिक अजिंक्यपद मिळविलेल्या या खेळात, बंदूक शिकंज्यात बांधून निरनिराळ्या उत्पादनांचे छर्रे तपासणे हा तयारीचा नित्य भाग असतो. त्यांचे लक्ष्य कागद असते आणि चूक गुणांत मोजली जाते; शेतातल्या शिकाऱ्याची चूक दुसऱ्या जिवाच्या यातनेत मोजली जाते, म्हणून त्याची तपासणी अधिकच कठोर असावी.

शिसे विषारी असल्याने हात धुतल्याखेरीज अन्नास शिवू नये, आणि मारलेल्या सशाचे मांस खावयाचे असल्यास घावाभोवतालचा भाग टाकून द्यावा. कथिलाचे बिनशिशाचे छर्रेही आज मिळतात. परंतु कथिल शिशाहून हलके व कठीण असल्याने त्यांचीही वरील सर्व परीक्षा पहिल्यापासून घ्यावी लागते.

उत्तम बंदूक विकत मिळते, उत्तम दुर्बीणही मिळते. परंतु आपल्या नळीस कोणता छर्रा मानवतो आणि तो किती अंतरापर्यंत विश्वासास पात्र राहतो, हे ज्ञान मात्र प्रत्येकाने स्वतः मिळवावे लागते. ज्याने ते मिळविले, त्यास तीस यार्डांपलीकडचा ससा सोडून देताना खेद वाटत नाही, कारण आपली हद्द कोठे संपते हे त्यास ठाऊक असते. आणि ज्याने ते मिळविले नाही, त्याने आपली बंदूक तूर्त कागदावरच रोखावी.