विमानातले रॉकेल

सावेडीत संध्याकाळी गच्चीवर उभे राहिले की आभाळातून एखादे विमान सरकताना दिसते. आपल्या जिल्ह्यात काकडी गावाजवळ शिर्डीचा विमानतळही १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. या विमानांत कसले तेल भरतात, असे मुले मला विचारतात. मी म्हणतो, आपल्या कंदिलात जळायचे, त्याचेच सख्खे भावंड!

ही थट्टा नव्हे. ‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला, म्हणजे खडकातले तेल. ‘पेट्रोलियम’चाही मूळ अर्थ तोच.

मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली ‘बॉम्बे हाय’चे तेल सापडले. तिथले आणि परदेशातून जहाजांनी येणारे कच्चे तेल मुंबईत माहुलच्या कारखान्यांत शुद्ध होते. कच्चे तेल ही अनेक तेलांची खिचडी. ती सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. वाफा वर चढतात, निवतात आणि आपापल्या मजल्यावर पुन्हा तेल होतात. हलका नाफ्था वर, जड डिझेल खाली आणि साधारण १५० ते ३०० अंशांत उकळणारे रॉकेल मधोमध. मग त्यातले नकोसे गंधक काढतात.

हा मधला भाऊच विमानाला का लागतो? पेट्रोलची वाफ फार लवकर होते, उंचावरच्या विरळ हवेत तर अधिकच. डिझेलमधले मेण थंडीत थिजते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी असते आणि बरेचसे इंधन असते पंखांत. म्हणून नियम असा की, विमानाचे इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये आणि ३८ अंशांच्या आत त्याच्या वाफेने पेट घेता कामा नये.

इंजिनात दाबलेल्या हवेत या तेलाचा बारीक फवारा उडतो आणि जळतो. तापलेला वायू चक्र फिरवतो, चक्र पुढचा मोठा पंखा फिरवते आणि विमान पुढे ढकलले जाते.

आमच्या दुष्काळी जिल्ह्यात पाणी म्हणजे जीव. या तेलात मात्र पाणी शत्रू. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेले ब्रिटिश एअरवेजचे विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. इंधन नियमात बसणारे होते. पण त्यातल्या किंचित पाण्याचा बर्फ नळीत साचला होता. तो सुटून पुढे अडकला आणि इंजिनांना पुरेसे तेल मिळेना. विमानात १५२ माणसे होती, सारी वाचली. पुढे तो भाग नव्याने घडवण्यात आला.

म्हणूनच विमानात भरण्यापूर्वी इंधनाचा नमुना काचेच्या बरणीत घेऊन उजेडात पाहतात. तो नितळ हवा. पाणी ओळखणारी एक पिवळी पुडी असते. पाणी असेल तर ती हिरवट होते.

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशी जैवइंधनाचा थोडा अंश मिसळला होता. त्यात पुण्याच्या प्राज कंपनीचा वाटा होता. साखर कारखान्यांच्या मळीपासूनही असे इंधन करता येते, ही आपल्या ऊसवाल्या जिल्ह्याने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट. अर्थात तेल खडकातले असो वा उसाचे, बरणीतली परीक्षा त्याला चुकणार नाही.