जिवाणूचे दोन होणे रोखताना

पेनिसिलीनपासून आजवरची बहुतेक प्रतिजैविके जिवाणूची पेशीभित्ती, प्रथिननिर्मिती नाहीतर डीएनएचे काम यांवरच घाव घालत आली आहेत. जिवाणूंनी त्या घावांवर तोडही काढली. 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. पेशीविभाजनावर नेम धरणाऱ्या संशोधनाचे मोल त्यामुळेच मोठे. एका जिवाणूचे दोन होताना एफटीएसझेड या प्रथिनाचे धागे पेशीच्या मध्यावर कड्यासारखे जमतात, हे 1991 मध्ये ई. कोलायमध्ये दिसले. हे धागे एका टोकाला वाढत, दुसऱ्या टोकाला झिजत पुढे सरकतात आणि मधली भिंत बांधणाऱ्या विकरांना दिशा देतात. कडे मोडले की भिंत उभीच राहत नाही. पण हे कडे मोडणाऱ्या औषधाला एकट्याने लढायला लावू नये. त्याची खरी जागा जुन्या प्रतिजैविकांच्या जोडीला आहे.

2008 मध्ये एफटीएसझेडवर नेम धरणाऱ्या पीसी190723 या रेणूने स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा प्राणघातक संसर्ग झालेले उंदीर वाचवले. मात्र एफटीएसझेडमधले एखादे अमिनो आम्ल बदलले, तरी जिवाणू या रेणूला पुरून उरतो. एकट्या औषधापुरता हा आक्षेप बिनतोड आहे. 2012 मधल्या प्रयोगांनी त्याचे उत्तर दिले. मेथिसिलीनला न जुमानणाऱ्या याच जिवाणूवर पीसी190723 आणि इमिपेनेम हे जुने प्रतिजैविक एकत्र वापरले, तेव्हा परिणाम कितीतरी वाढला. शिवाय पीसी190723 ला दाद न देणारे जिवाणू पुन्हा इमिपेनेमसारख्या जुन्या औषधांना बळी पडू लागले आणि त्यांची रोगकारक ताकदही घटली. एकातून सुटताना जिवाणू दुसऱ्यात अडकतो.

माणसाच्या पेशीतले ट्यूब्युलिन एफटीएसझेडचे दूरचे नातलग. मग आपल्याच पेशींना इजा होईल का? घडण सारखी असली तरी दोघांतला अमिनो आम्लांचा क्रम फार वेगळा आहे, आणि पीसी190723 ट्यूब्युलिनला धक्का लावत नाही. हळदीतल्या करक्युमिननेही एफटीएसझेडचे कडे विस्कटते, असे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी जिवाणूंवर दाखवले. त्यावरून हळद खाऊन संसर्ग बरा होईल असे कुणी समजू नये. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर मात्र पीसी190723 जवळजवळ निष्प्रभ आहे, ही उणीव मोठी आहे.

औषध गुणकारी ठरले तरी पैशांचा प्रश्न उरतोच. प्लाझोमायसिन या प्रतिजैविकाला 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि 2019 मध्ये ते घडवणारी अकाओजेन ही कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणून नव्या प्रतिजैविकांचे काम केवळ कंपन्यांवर सोडून भागणार नाही. जोड-औषधांच्या रुग्णांवरील चाचण्यांचा खर्च सरकारांनी उचलावा.