बांधणीचा वेळ : आपापल्या संगणकाचा कर्नाळा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलात की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. हा गड चढायला किती वेळ लागतो? मिनिटांत उत्तर देणे कठीण. तुम्हांला तास लागेल, आजोबांना दोन. पण प्रबळगडाला कर्नाळ्याच्या दुप्पट वेळ लागतो असे समजा, म्हणजे हिशेब सोपा होतो : तुम्हांला दोन तास, आजोबांना चार. ज्याने त्याने आपला कर्नाळा एकदा घड्याळ लावून मोजावा आणि पटीने गुणावे. संगणकाच्या जगात हीच युक्ती एका वेगळ्याच कामासाठी वापरतात.

आज्ञावली माणूस लिहितो ती ‘सी’सारख्या भाषेत. संगणकाच्या प्रोसेसरला मात्र फक्त ठरावीक आकडी संकेत कळतात. हे भाषांतर कंपायलर करतो. शेकडो फायलींचे असे भाषांतर करून ते तुकडे एकत्र जोडणे, याला आपण ‘बांधणी’ म्हणू. एरवी आपण तयार, बांधलेल्याच आज्ञावल्या घेतो. परंतु गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या पुस्तकात वाचकाने लिनक्सची सारी प्रणाली एकेक पॅकेज स्वतः बांधून उभी करायची असते. आता एका वाचकाचा संगणक कोरा करकरीत, तर दुसऱ्याचा मामाकडून आलेला, दहा वर्षांचा. पुस्तकात मिनिटे छापायची तरी कोणाची?

म्हणून मिनिटे छापलीच नाहीत. सुरुवातीला बांधायचे ‘बायन्युटिल्स’ नावाचे पॅकेज हेच माप ठरवले. त्याच्या पहिल्या बांधणीला तुमच्या संगणकावर लागेल तो वेळ म्हणजे १ ‘स्टँडर्ड बिल्ड युनिट’, थोडक्यात एसबीयू. निवड मोठी हुशारीची आहे. हे पॅकेज सर्वांना आधी बांधावेच लागते, त्यामुळे मोजणीचे वेगळे कष्ट नाहीत. आणि पुढच्या पॅकेजांतही याच जातीचे काम असते. प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ पाहून भागले नसते का? नाही. गिगाहर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती ठोके पडतात ते. एका ठोक्यात काम किती उरकते, हे प्रत्येक प्रोसेसरचे निराळे.

जीसीसी या कंपायलरची पहिली बांधणी अलीकडच्या आवृत्त्यांत तीन-चार एककांची आहे. शेवटची, सर्व चाचण्यांसह, चाळीसच्या वर जाते. समजा, तुमचे एक एकक २ मिनिटांचे आहे. मग ४० एककांना ८० मिनिटे. मामाच्या संगणकावर एकक १५ मिनिटांचे असेल तर ६०० मिनिटे, म्हणजे दहा तास! रात्री नऊला सुरू केलेले काम सकाळी सातला संपणार. मध्येच वीज गेली तर? सगळेच वाया जात नाही. ‘मेक’ नावाची आज्ञावली फायलींच्या वेळा पाहून झालेले काम सोडून देते व उरलेले करते. अर्धवट लिहिलेली फाईल मात्र शोधून पुसावी लागते, आणि ती शोधणे हे खरे डोकेदुखीचे काम. तेव्हा आधी गुणाकार करावा, मग संगणक सुरू करावा.

हे माप कोठे फसते? आजच्या प्रोसेसरमध्ये काम करणारे अनेक भाग, म्हणजे कोअर असतात. चार कोअर म्हणजे पाव वेळ, असे वाटते ना? समजा, ६० मिनिटांच्या बांधणीत १२ मिनिटांचे काम एकामागून एकच होऊ शकते : संगणकात काय काय उपलब्ध आहे ते तपासणे, शेवटची जोडणी वगैरे. उरलेली ४८ मिनिटे चौघांत वाटली की १२. एकूण २४ मिनिटे झाली, १५ नव्हे. हजार कोअर लावले तरी १२ मिनिटांच्या खाली उतरता येणार नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार तो हाच. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये अनेक प्रोसेसर जोडून ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला. तोही या नियमातून सुटला नव्हता. हे क्रमाने करायचे काम प्रत्येक पॅकेजमध्ये कमीजास्त असते. म्हणून एकक मोजताना किती कोअर वापरायचे, हे पुस्तकात पाहून तसेच करावे.

दुसरी अडचण स्मृतीची. चार फायलींचे भाषांतर एकदम चालले, की स्मृतीही जवळजवळ चौपट लागते. ती अपुरी पडली तर संगणक मजकूर डिस्कवर ठेवू लागतो, आणि डिस्क स्मृतीहून कितीतरी मंद. पाठीवर धान्याचे पोते घेऊन प्रबळगड चढणाऱ्याला कर्नाळ्याची पट काय सांगणार?

घरी किंवा शाळेत लिनक्स असेल तर करून पाहा. आज्ञेच्या आधी ‘टाईम’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की काम संपल्यावर लागलेला वेळ दिसतो. एक लहान पॅकेज एकक धरा, दुसऱ्या तिघांचा वेळ मोजून पटी काढा व मित्राच्या संगणकाचे भाकीत आधीच वहीत लिहून ठेवा. एकच पॅकेज, आधीची बांधणी पुसून, लगेच पुन्हा बांधलेत तर बहुधा थोडा कमी वेळ लागेल, कारण फायली डिस्कवरून स्मृतीत आधीच आलेल्या असतात. तेव्हा पहिली मोजणी धरायची की दुसरी, ते ठरवा आणि सर्व संगणकांवर तीच धरा.