क्षयरोगाच्या निदानासाठी ट्रूनॅट चाचणी उपयुक्त

क्षयरोगाच्या निदानासाठी दीर्घकाळ थुंकीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी हाच मुख्य आधार होता. मात्र जंतूंचे प्रमाण कमी असल्यास ते या तपासणीत दिसत नाहीत. दिसले तरी त्यांच्यावर कोणते औषध निष्प्रभ ठरेल, हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत जंतूंची वाढ करून पाहावी लागे आणि त्यात कित्येक आठवडे जात. तोवर रुग्ण लागू न पडणारी औषधे घेत राही आणि घरातील इतरांनाही संसर्गाचा धोका असे.

गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ चाचणीत जंतूंच्या जनुकीय घटकाचाच शोध घेतला जातो. जंतू आढळल्यास रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला ते दाद देतात का, हेही त्याच नमुन्यावरून काही तासांत समजते. यंत्र बॅटरीवर चालते. वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या ग्रामीण आरोग्य केंद्रांसाठी ही सोय सर्वांत मोलाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या चाचणीची शिफारस केली.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील उपचार पूर्वी २० महिन्यांपर्यंत चालत. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.