रोबोला दार का उघडता येत नाही?

जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे २३ संघ आपापले रोबो घेऊन जमले होते. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्टीत २०११ साली जो अपघात झाला, त्यातून धडा घेऊन अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण-संशोधन संस्थेनं ही स्पर्धा आखली होती. माणूस जाऊ शकत नाही तिथे यंत्रानं जायचं, झडप फिरवायची, भिंतीला भोक पाडायचं, जिना चढायचा. कामं आठ, वेळ एक तास. पण जगभर पाहिली गेली ती दृश्यं पडण्याची होती. कोणी दाराच्या मुठीशी झटताना कोसळला, कोणी गाडीतून उतरतानाच आडवा झाला. मी ती चित्रफीत दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला दाखवते. मुलं हसतात, आणि कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, एवढा खर्च करून साधं दार उघडता येत नाही?"

त्या 'साधं' या शब्दापासूनच सुरुवात करायला हवी.

आपला हात दार कसा उघडतो ते सावकाश पाहा. डोळ्यांचा अंदाज अर्धा इंच चुकला तरी बोटं मुठीला लागताच वळतात आणि चूक भरून काढतात. मूठ किती घट्ट आहे हे ती दाबता दाबता मनगटाला कळतं. दार बिजागरीभोवती फिरू लागलं की हात त्याच्यामागे जातो, खांदा ढील देतो, पाय नकळत अर्धं पाऊल मागे सरतात. यातलं काहीच आपण ठरवून करत नाही. रोबोसाठी मात्र यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी बसून घडवावी लागते. कॅमेऱ्याच्या अंदाजात काही मिलिमीटरची चूक आणि 'हात अमुक जागी ने' अशी ताठ आज्ञा, या दोन्ही एकत्र आल्या की घोटाळा ठरलेला. दार आपलं वर्तुळ सोडत नाही, हात आपली रेघ सोडत नाही. शेवटी सुटतो तो तोल.

माणसाला जे सोपं ते यंत्राला आणखी सोपं असणार, हा रोबोंबद्दलचा सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज आहे. उलट घडतं, हे रोबो-संशोधक हान्स मोराव्हेक यांनी १९८८ साली स्पष्ट मांडलं होतं. बुद्धिबळ खेळणं यंत्राला तुलनेनं लवकर जमतं. वर्षाच्या बाळाइतकं पाहणं आणि हालणं जमायला फार काळ लागतो. मे १९९७ मध्ये 'डीप ब्लू' या संगणकानं बुद्धिबळात गॅरी कास्पारॉव्हला हरवलं. त्या वेळी यंत्राच्या बाजूनं पटावरची मोहरी उचलून ठेवायला माणूसच बसला होता. जगज्जेत्याला हरवणारी खेळी यंत्रानं शोधली, पण प्यादं एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याचं काम माणसाकडेच राहिलं.

दुसरा गैरसमज मला जास्त टोचतो, कारण तो शिकल्यासवरल्या माणसांत आढळतो. मूलभूत संशोधन म्हणजे खरं संशोधन, आणि उपयोजित संशोधन म्हणजे दुसऱ्यानं शोधलेलं आणून जोडणं, अशी एक उतरंड आपल्याकडे मनात पक्की आहे. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत "यात नवीन काय?" असा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, त्यात ती ऐकू येते.

जपानच्या यामानाशी विद्यापीठातल्या हिरोशी माकिनो यांचं उदाहरण घ्या. त्यांच्यापुढचा प्रश्न कारखान्यातला होता: भोकात पिन बसवायची. पिन केसभर तिरकी लागली तरी अडकते, आणि रोबोचा हात जितका ताठ तितकी जास्त अडकते. हात सैल केला तर पिन खाली दाबायला जोर पुरत नाही. १९७८ साली माकिनोंनी कंपन्यांना सोबत घेऊन असा हात तयार केला, जो आडव्या दिशेनं थोडी ढील देतो आणि उभ्या दिशेनं ताठ राहतो. लाकडी चौकटींचा घडीचा पडदा जसा आडवा सहज दुमडतो पण वरून दाबला तर दबत नाही, तसा. त्यामुळे पिन स्वतःच भोकाच्या मध्याकडे सरकते आणि वरून बसणारा जोरही कायम राहतो. हा 'स्कारा' रोबो १९८१ पासून बाजारात आला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या जुळणीचं काम त्यानं बदलून टाकलं. ताकद वाढवण्याऐवजी नेमक्या दिशेला मऊपणा द्यायचा, ही कल्पना पिन अडकत होती म्हणून सुचली. दारापाशी पडणाऱ्या रोबोंचं दुखणं ओळखायलाही हीच कल्पना उपयोगी पडते. मला यापेक्षा 'मूलभूत' काय असतं ते माहीत नाही.

तसंच 'शेकी'चं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात हा चाकांवरचा, हलता-थरथरता रोबो खोल्यांमधून वाट काढायला शिकत होता. ठोकळ्यांना वळसा घालून जवळचा रस्ता कोणता, हे त्याला कळावं म्हणून पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी १९६८ साली 'ए-स्टार' ही रीत मांडली. आज संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती सिद्धान्त म्हणून शिकवली जाते. तिच्यामागे एक रोबो होता, हे सहसा सांगितलं जात नाही.

तिसरा गैरसमज म्हणजे रोबो सगळं स्वतःच करतो. 'रोबोनं शस्त्रक्रिया केली' अशी बातमी आली की घरचे मला फोन करतात. 'दा विंची'सारख्या शस्त्रक्रियेच्या यंत्रणेत, जिला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, प्रत्येक हालचाल सर्जनच्या हाताची असते. यंत्र ती लहान करून पोचवतं आणि हाताचा कंप गाळून टाकतं. मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' हा केरळच्या तरुण अभियंत्यांनी बनवलेला रोबोही वर उभ्या असलेल्या माणसाच्या हुकमावर चालतो, आणि पूर्वी गटारात उतरणाऱ्या कामगारांनाच तो चालवायचं शिक्षण दिलं गेलं. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्याला कायद्यानं २०१३ सालीच बंदी केली, तरी माणसं गुदमरून मरत राहिली. इथे यंत्र स्वतः विचार करतं की नाही, हा प्रश्नच दुय्यम आहे. माणूस वर राहिला, हे मोठं आहे.

रोबो आले की नोकऱ्या जातात, या भीतीला उत्तर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे द्यायला हवं. २०२३ साली दक्षिण कोरियात कारखान्यांतल्या दर १०,००० कामगारांमागे १,०१२ रोबो होते, जगात सर्वाधिक, आणि तिथली बेकारी तीन टक्क्यांच्या आत होती. पण देशाचा आकडा चांगला असला म्हणून पंचेचाळिशीतल्या वेल्डरला दुसऱ्या दिवशी नवं काम मिळत नाही. त्याच्या पुनर्शिक्षणाची सोय रोबो बसवण्याआधीच झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता माझ्या घरचा विषय, म्हणजे शिकवणं. रोबोटिक्सच्या स्पर्धा म्हणजे अभ्यास बुडवण्याची सबब, असं अनेक पालकांना वाटतं, काही सहकाऱ्यांनाही. 'एबीयू रोबोकॉन' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २००२ पासून भरते आणि तिचा विषय यजमान देश ठरवतो. २००८ साली ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता दहीहंडी. थरावर थर लावून लोण्यापर्यंत पोचणारे गोविंदा आपल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेले, पण तेच यंत्राकडून करून घेताना गुरुत्वमध्य म्हणजे काय हे त्यांना नव्यानं कळलं असणार.

स्वतः करून शिकण्याचा फायदा मोजलाही गेला आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या अध्यापनावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासून २०१४ साली अमेरिकेत एक निष्कर्ष आला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते, तर विद्यार्थ्यांना स्वतः काम करायला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के. २०१९ साली हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. स्वतः झगडून शिकलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, गुण मात्र त्यांचेच जास्त होते. छान व्याख्यान ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. मीही चांगली बोलते असं मुलं म्हणतात, म्हणून हा निष्कर्ष मी वाचला तेव्हा काही दिवस अस्वस्थ होते.

असं शिकवायचं तर सुविधांचा प्रश्न खरा आहे, पण नुसती साधनं आणून भागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' उपक्रमानं महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभारताना प्राध्यापकांच्या प्रशिक्षणावर भर दिला, तो मला फार योग्य वाटतो. कारण नवं किट कपाटात कुलपाखाली ठेवणारे हात बहुतेकदा ते जळेल म्हणून घाबरलेले असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलींच्या संघाचा काळ्या रेघेवरून चालणारा रोबो प्रयोगशाळेत रात्री दोन वाजता बिनचूक धावला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या मंचावर जागच्या जागी गरगर फिरला. मुलींनी आधी प्रोग्राम पाहिला, मग बॅटरी, मग एकेक वायर हलवून लूज काँटॅक्ट शोधला. तासाभरानं एकीनं मान वर करून दिवे पाहिले. डोक्यावर हॅलोजन होते. रेघ ओळखणारे सेन्सर अवरक्त प्रकाशावर चालतात आणि हॅलोजन तोच प्रकाश भरभरून ओततात. काळं-पांढरं सेन्सरला सारखंच दिसत होतं. अवरक्त किरणांचा धडा तिनं दुसऱ्या वर्षी पाठ केला होता, त्यात चांगले गुणही होते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिनं सेन्सरभोवती झालर लावली. रोबो चालला. संघ पहिल्या फेरीतच बाहेर गेला होता, तरी चौघीजणी रिकाम्या मंचावर त्याला पुन्हा पुन्हा पळवत होत्या.

पोमोनाला शेवटी कोरियाच्या 'काइस्ट' संस्थेचा 'ह्युबो' जिंकला, आठही कामं साडेचव्वेचाळीस मिनिटांत पुरी करून. दोन पायांवर चालण्याचा हट्ट त्याच्या निर्मात्यांनी धरला नव्हता. सपाट जमीन आली की तो गुडघे टेकायचा आणि तिथे बसवलेल्या चाकांवर सरकत जायचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा 'चिंप' तिसरा आला. तो दारातून आत जाताना कोसळला होता आणि कोणी हात न लावता स्वतःच उठून उभा राहिला होता.

अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी महाविद्यालयं पाहायला जाणाऱ्या पालकांना मी एकच सुचवते. तिथली प्रयोगशाळा पाहायला मागा, आणि काचेच्या कपाटातल्या ढालींपाशी फार वेळ घालवू नका. गेल्या वर्षीचे मोडलेले रोबो कुठे ठेवलेत ते विचारा. ते दाखवायला मुलंच पुढे आली, हा कशानं पडला आणि तो का जळला हे एकमेकांना मध्येच तोडत सांगू लागली, तर तिथे थोडा वेळ थांबून ऐका.