कूट शब्दकोडे

शब्दकोड्याचा एक प्रकार. यात आडव्या व उभ्या घरांत भरावयाच्या शब्दाचा अर्थ उघडपणे न देता शब्दखेळाच्या आवरणाखाली झाकलेला असतो. साध्या शब्दकोड्यातील संकेतवाक्य म्हणजे उत्तराची व्याख्या किंवा पर्यायी शब्द होय. कूट शब्दकोड्यातील संकेतवाक्याला मात्र सामान्यतः दोन अंगे असतात : एक अंग उत्तराचा अर्थ सांगते, तर दुसरे तेच उत्तर अक्षरांच्या जुळणीतून घडवून दाखविते. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी येऊन मिळाल्या, म्हणजे उत्तराची खात्री पटते. हा प्रकार मुख्यत्वे ब्रिटनमध्ये विकसित झाला.

इतिहास : आधुनिक शब्दकोड्याचा जनक आर्थर विन हा मूळचा लिव्हरपूलचा. त्याचे हिऱ्याच्या आकाराचे कोडे न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले. १९२४ मध्ये हा खेळ ब्रिटिश वृत्तपत्रांत आला व तेथे त्याला कूट वळण लागले. एडवर्ड पॉइस मॅदर्स (१८९२–१९३९) याने ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने द ऑब्झर्व्हर मध्ये १९२६ पासून अशी कोडी रचली. द टाइम्स मध्ये १ फेब्रुवारी १९३० पासून शब्दकोडे येऊ लागले. टॉर्केमाडा हे स्पेनमधील धर्मन्यायपीठाच्या प्रमुखाचे नाव. मॅदर्सनंतर आलेल्या डेरिक मॅकनटने (१९०२–७१) ‘झिमेनीझ’ हे तशाच एका प्रमुखाचे नाव घेतले. १९७२ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या जोनाथन क्राउदरने डेझा या तिसऱ्या प्रमुखाच्या नावाची रोमन अक्षरे उलट क्रमाने लावून ‘अझेड’ हे नाव तयार केले.

संकेतांचे प्रकार : इंग्रजी कोड्यांतील प्रमुख युक्त्या पुढील मराठी उदाहरणांवरून स्पष्ट होतील. कंसातील आकडा उत्तरातील अक्षरसंख्या दर्शवितो.

(१) वर्णविपर्यय : ‘खवळलेली मगर तापलेली (३)’. ‘खवळलेली’ हा शब्द अक्षरांची उलथापालथ सुचवितो. ‘मगर’ मधील अक्षरे नव्याने मांडली, की ‘गरम’ हा शब्द मिळतो व ‘तापलेली’ हा त्याचा अर्थ होय. (२) गुप्त शब्द : ‘एक मळकट आवरण ल्यालेले फूल (३)’. ‘एक मळकट’ या अक्षरांच्या आत ‘कमळ’ दडले आहे. (३) व्युत्क्रम : ‘उलटी वाहणारी नदी गरीब होते (२)’. ‘नदी’ उलट वाचल्यास ‘दीन’. (४) जोडशब्द : ‘मोटारीमागे ओझे, असे प्रशासन (४)’. ‘कार’ या शब्दामागे ‘भार’ ठेवला, की ‘कारभार’. (५) श्लेष : ‘सरकार घेते तो हात (२)’. येथे अक्षरांची जुळणी नसून दोन व्याख्या शेजारी ठेवल्या आहेत. ‘कर’ हा शब्द दोहोंना लागू पडतो. यांखेरीज एका शब्दाच्या पोटात दुसरा घालणे, आद्याक्षरे घेणे, उच्चारसाम्याचा उपयोग करणे इ. युक्त्याही रूढ आहेत.

उकल व स्पष्टीकरण : संकेतवाक्य वाचताच मनात उभे राहणारे चित्र बहुधा दिशाभूल करणारे असते. खवळलेल्या मगरीचा उत्तराशी काही संबंध नाही. म्हणून प्रथम वाक्याचा वरवरचा अर्थ बाजूस सारावा लागतो. उत्तराची व्याख्या वाक्याच्या आरंभी किंवा शेवटी असते, या नियमामुळे शोध मर्यादित होतो. त्यानंतर युक्ती सुचविणारा शब्द हेरणे, अक्षरे मोजणे व छेदणाऱ्या शब्दांतून मिळालेल्या अक्षरांशी ताळा पाहणे, हा क्रम असतो. उत्तर सुचणे व ते सिद्ध होणे यांत फरक आहे. संकेतातील प्रत्येक शब्दाचे प्रयोजन सांगता आले, तरच उकल पूर्ण झाली असे मानतात.

कोडेकारावरही तितकेच बंधन असते. ‘ॲफ्रिट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची याने १९४९ मध्ये असे तत्त्व मांडले, की कोडेकाराने वाचकाला चकविण्यास हरकत नाही. परंतु त्याला अभिप्रेत असलेला अर्थ त्याच्या शब्दांतून यथार्थपणे निघालाच पाहिजे. मॅकनटने १९६६ मधील आपल्या ग्रंथात या तत्त्वाला नियमांचे रूप दिले : व्याख्या अचूक असावी, युक्तीची सूचना न्याय्य असावी व वाक्यात निष्कारण शब्द नसावा. काही कोडेकार हे नियम शिथिलपणे पाळतात, तथापि उकललेल्या संकेताला वाचकाने मान्यता द्यावी, ही अपेक्षा दोन्ही पक्षांना मान्य आहे.

भारतीय संदर्भ : शब्दांत अर्थ दडविण्याची कला भारतात प्राचीन आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिकेचा समावेश असून दंडीने काव्यादर्शात तिचे सोळा प्रकार सांगितले आहेत. मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडी मात्र प्रामुख्याने सरळ संकेतांवर आधारलेली असतात. याचे एक कारण लिपीत आहे. रोमन लिपीतील सुटी अक्षरे सहज हलविता येतात. देवनागरीत स्वरचिन्हे व जोडाक्षरे व्यंजनांना बांधलेली असल्याने जुळणीला मर्यादा पडतात. शिवाय विभक्तिप्रत्यय लागताच शब्दाचे मूळ रूप बदलते. उलट श्लेष, गुप्त शब्द व जोडशब्द यांना मराठीत भरपूर वाव आहे.

महत्त्व : जानेवारी १९४२ मध्ये डेली टेलिग्राफ ने बारा मिनिटांत शब्दकोडे सोडविण्याची स्पर्धा घेतली, त्यातील काहींना पुढे ब्लेचली पार्क येथील सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर बोलाविण्यात आले. मात्र या प्रकाराने निर्माण केलेला जिव्हाळा वेगळाच आहे. द गार्डियन चा लोकप्रिय कोडेकार, धर्मोपदेशक जॉन ग्रेअम (१९२१–२०१३) ऊर्फ ‘अरौकेरिया’, याने जानेवारी २०१३ मध्ये त्या पत्रात आलेल्या एका कोड्याच्या उत्तरांतूनच आपणास अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे वाचकांस कळविले. एकेक घर भरताना ती वार्ता वाचकांच्या स्वतःच्या हातून लिहिली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निधन पावला.